मायफर्ड लेथचा बोल्ट कुठल्या आट्याचा?
बोल्ट आधी रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासा, नाहीतर आट्यांतली मळी गेज (आटे तपासायची दातेरी पट्टी) बसू देत नाही. मग व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या. माझ्या मायफर्ड एमएल ७ वरचा एक ६.३ मिमी भरला, म्हणजे दोन सुती, पाव इंच. आता इंचात आटे मोजा: २० आले तर व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश जाडे आटे), २६ आले तर बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे). पण थांबा, पाव इंची यूएनसीलाही (अमेरिकन जाडे आटे) २०च असतात! तिथे आट्याचा कोन बघायचा. ५५ अंशांचं गेज लावून उजेडासमोर धरा; फट दिसली नाही तर व्हिटवर्थ. बारका स्क्रू ४.७ मिमीचा निघाला तर बहुधा २ बीए (बारक्या स्क्रूंचे ब्रिटिश आटे). त्याच्या भोकात एम५ (५ मिमीचा मेट्रिक स्क्रू) कोंबू नका, मी एक असंच नासवलंय. आणि व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या व्यासाचा असतो.