उन्हाळी अध्यापन फेलोशिप: मिळवायची कशी आणि निभवायची कशी

अमेरिकेतल्या शाळांमध्ये ज्या समाजगटांतली मुलं भरपूर पण शिक्षक मोजकेच, त्या गटांतल्या कॉलेज विद्यार्थ्यांना वर्गापर्यंत आणायचं, हा या फेलोशिपचा मूळ हेतू. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी, कमी उत्पन्नाच्या घरातले, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेले असे विद्यार्थी त्यात येतात. बहुतेक ठिकाणी शिक्षक होण्याचा परवाना लागत नाही. उन्हाळाभर मुलांना शिकवायचं, शेजारी अनुभवी शिक्षक मार्गदर्शनाला, आणि वर मानधन.

सगळे कार्यक्रम मात्र सारखे नसतात. ब्रेकथ्रू कोलॅबोरेटिव्हची सुरुवात १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘समरब्रिज’ या नावाने झाली. तिथे प्रामुख्याने माध्यमिक वयाच्या मुलांना विषय शिकवायचा असतो आणि पाठ टाचण काढण्याचा बराच भार फेलोवर पडतो. मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या चिल्ड्रन्स डिफेन्स फंड या संस्थेच्या फ्रीडम स्कूल्सचं मूळ १९६४ च्या मिसिसिपीतल्या उन्हाळी शाळांमध्ये आहे. तिथे वाचनाचा अभ्यासक्रम तयार मिळतो आणि एका फेलोकडे साधारण दहा मुलं असतात. शिक्षक व्हायचं जवळपास ठरलं असेल तर पहिला प्रकार घ्या, कारण टाचण स्वतः काढल्याशिवाय हे काम कळत नाही. नुसतं चाचपून पाहायचं असेल तर दुसरा बरा.

पात्रतेची भाषा नीट वाचा. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करण्याला मनाई केली, त्यानंतर अनेक संस्थांनी आपले शब्द बदलले. ‘अमुक गटासाठीच’ याऐवजी आता बहुधा ‘असा अनुभव असलेल्यांनी जरूर अर्ज करावा’ असं दिसतं. म्हणजे अर्जात रकान्यातल्या खुणेपेक्षा निबंधातला मजकूर जास्त काम करतो. ‘पहिली पिढी’ची व्याख्याही तपासा. अमेरिकी केंद्र सरकारच्या ट्रायो योजनांत (वंचित घरांतल्या विद्यार्थ्यांना शिक्षणात मदत करणाऱ्या) आईवडिलांपैकी कोणाकडेच बॅचलर पदवी नसणं ही कसोटी आहे, इतर संस्था वेगळी लावू शकतात. पालकांची पदवी दुसऱ्या देशातली असेल तर ती धरतात का, हे ईमेलने विचारून घ्या.

मग पैशाचा हिशेब. समजा मानधन ३,००० डॉलर, मुदत ९ आठवडे आणि टाचण, पालकांना फोन धरून आठवड्याला ५० तास. म्हणजे ४५० तासांना ताशी सुमारे ६ डॉलर ६७ सेंट. अमेरिकी केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतनच ताशी ७ डॉलर २५ सेंट आहे. राहण्याची सोय मोफत असेल तर हे गणित बदलतं, म्हणून तेच आधी विचारा. पहिला हप्ता कधी मिळतो, कर कापून मिळतो की नंतर स्वतः भरायचा, हेही विचारा. कर कापला जात नसेल तर प्रत्येक हप्त्यातून थोडी रक्कम बाजूला काढत चला. आणखी एक खाच: काही कॉलेजं आर्थिक मदत ठरवताना विद्यार्थ्याच्या उन्हाळी कमाईचा वाटा गृहीत धरतात. तो माफ होतो का, किंवा उन्हाळी कामासाठी कॉलेजचा निधी आहे का, हे मदत कार्यालयात लवकर जाऊन विचारा. मार्चअखेर निधी संपला तर उपयोग नाही.

एफ-१ म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असाल तर सहसा सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी, लागते. त्यासाठी आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं हवं, काम तुमच्या मुख्य विषयाशी जोडलेलं हवं, आणि परवानगीची नोंद आय-२० वर (कॉलेजने दिलेल्या व्हिसाच्या कागदावर) कामाच्या पहिल्या दिवसाआधी झालेली हवी. प्रशिक्षणाचा दिवस हा कामाचाच दिवस. अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा-योजनेच्या पैशावर चालणाऱ्या जागा अमेरिकेचे नागरिक, ‘नॅशनल’ (उदा. अमेरिकन सामोआत जन्मलेले) आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासाठीच असतात.

निबंधात हालअपेष्टांची यादी नको. निवडणाऱ्याला वाचायचं असतं ते असं: तुम्हाला एखादी गोष्ट कळत नव्हती, नेमकं कुठे अडलं होतं, आणि ती तुम्ही दुसऱ्याला कशी समजावली. घरची कागदपत्रं लहानपणापासून तुम्हीच भरत आला असाल तर ते लिहा, पण त्यातून समोरच्याला टप्प्याटप्प्याने समजावण्याची कुठली सवय लागली, तिथपर्यंत न्या.

बहुतेक जण घसरतात ते निवडीच्या वेळी घ्यायच्या नमुना पाठात. साधारण पाच मिनिटं मिळतात आणि उमेदवार ‘अपूर्णांक’ घेऊन उभा राहतो. एवढा विषय पाच मिनिटांत कोणालाच झेपत नाही. एकच चूक निवडा. उदाहरणार्थ, १/३ + १/४ म्हणजे २/७ का नाही?

पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांना कागदावर उत्तर लिहायला लावा. मग विचारा, २/७ मोठा की १/३? २/७ लहान निघतो. बेरीज केली आणि उत्तर एका संख्येहूनही कमी आलं, हे मुलांना स्वतःला दिसलं की निम्मं काम झालं. पुढची दीड मिनिटं बारा समान भागांची पट्टी काढून ४ आणि ३ मिळून ७/१२ दाखवा. दोन मिनिटं १/२ + १/५ मुलांकडून करून घ्या. उरलेल्या मिनिटात कागद पाहा. ‘समजलं का?’ हा प्रश्न टाळा, माना सगळेच डोलावतात. प्रश्न विचारून तीन सेकंद गप्प राहा. शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि तीनपर्यंत थांबलं की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं होतं. ते तीन सेकंद फार लांब वाटतात, म्हणून घरी घड्याळ लावून सराव करा.

निवड झाल्यावर पोलीस पडताळणीला वेळ लागतो, बोटांचे ठसे लगेच देऊन टाका.

वर्गात पहिल्या दिवशी विषय थोडाच घ्या. आत कसं यायचं, वही कुठे ठेवायची, बोलायचं असेल तर काय करायचं, याचा प्रत्यक्ष सराव करून घ्या. नावांचे उच्चार मुलांनाच विचारा आणि आपल्या लिपीत लिहून ठेवा. सूचना एका वेळी एकच, आणि ती देताना हातातले कागद वाटू नका. दुसऱ्या आठवड्यात गोंगाट वाढतो तो बहुधा याच दोन गोष्टी सुटल्यामुळे, आणि फेलो मात्र आपला धाक कमी पडतोय असं समजून आवाज चढवतात.

तास संपताना एका प्रश्नाची चिठ्ठी सोडवून घ्या. त्याच संध्याकाळी तीन गठ्ठे करा: जमलं, एकाच ठिकाणी चुकलं, सुरुवातच झाली नाही. मधला गठ्ठा सर्वांत मोठा असेल तर उद्याची पहिली सात मिनिटं त्या एका चुकीवर घालवा. तिसरा गठ्ठा मोठा असेल तर दोष टाचणात आहे. तो पाठ मार्गदर्शक शिक्षकासोबत पुन्हा बांधा, उसना उत्साह आणून तोच पुन्हा शिकवू नका.

चिठ्ठ्यांचे आकडे तारीखवार वहीत ठेवा, मुलांची नावं गाळून. शिफारसपत्र शेवटच्या आठवड्याच्या आधीच मागा आणि मागताना ही वही मार्गदर्शकाच्या हातात द्या.