नवतपात गोल्डफिश जगवायचे तर

ओरांडा, र्‍युकिन, ब्लॅक मूर हे गोलमटोल गोल्डफिश थंड पाण्याचे मासे. १८ ते २४ अंशांत ते खुशाल असतात. आपल्याकडे मे महिन्यात, त्यातही नवतपात (मे अखेरीपासूनच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत), घरातल्या टँकचं पाणीसुद्धा सहज ३२ वर जातं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यातच माशाच्या अंगातून निघणारा अमोनिया गरम आणि जास्त पीएचच्या (अल्कधर्मी) पाण्यात जास्त विषारी होतो. मासा पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करत असेल, तर तो भुकेला नाही, गुदमरतोय.

मासे दिवाळीनंतर आणा, टँक मात्र दसऱ्यालाच लावा. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सव्वाशे लिटर पाणी मावतं. त्यात दोनच मासे, तिसरा नको. काचेचा गोल बाऊल तर घेऊच नका. हवेच्या मोटरवर चालणारा स्पंज फिल्टर सुरू करा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकून महिना-दीड महिना टँक माशांशिवायच चालवा. अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजात तेवढ्या काळात वसतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेवढंच घातक नायट्राइट, दोन्ही शून्य आले की मासे सोडा. पुढे स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरिनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लिचिंग पावडरचा वास असतो, ते पाणी उघड्या ड्रममध्ये हवेची नळी सोडून २४ तास ठेवा. बोअरच्या ताज्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यालाही रात्रभर हवा द्या. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा. नुसतं आरओ वापरू नका, त्यात पीएच सावरणारे क्षार उरत नाहीत आणि तो अचानक कोसळतो. उन्हाळ्यात पाणी आटतं, क्षार मागे राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करा. छतावरच्या टाकीचं दुपारचं पाणी हात भाजेल इतकं तापतं, ते टँकमध्ये ओतू नका. पहाटेचं घ्या.

मार्चपासून टँक कुलरच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा. झाकण काढून वर जाळी बांधा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावा. एवढ्यानेच दोन-तीन अंश उतरतात. नवतपात बर्फाची बाटली बूच घट्ट लावून तरंगत सोडा, पण एका वेळी एकच. तापमान झपकन पडलं की मासा आजारी पडतो. लाइन गेली की फिल्टर थांबतो, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असावाच. हवेची मोटर टँकबाहेर, पण पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज जाताच पाणी उलटं मोटरीत उतरतं.

खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. बुडणारे दाणे पाच मिनिटं भिजवून द्या. तरंगणारं खाताना हे मासे हवा गिळतात आणि उलटे-तिरपे पोहू लागतात. तसं झालं तर एक दिवस उपास, मग वाटाणा उकडून, साल काढून, बारीक करून द्या. पाणी ३० च्या वर गेलं की खाद्य निम्मं करा.

अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले, तर आयोडीन नसलेलं खडे मीठ लिटरमागे एक ग्रॅम, पाण्यात विरघळवून टाका. बारा-बारा तासांनी आणखी दोनदा, म्हणजे शंभर लिटरला एकूण ३०० ग्रॅम. दहा-बारा दिवस ठेवा. मीठ उडून जात नाही, म्हणून जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच पुन्हा घाला. मग नेहमीच्या पाणीबदलांनी हळूहळू काढा.

कपाशीवर फवारणीच्या दिवसांत मात्र सर्वात मोठी काळजी घ्या. पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं अगदी अल्प प्रमाणातही माशांना मारतात. डासांच्या कॉइलमध्येही बहुधा हीच असतात, आणि हवेची मोटर खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडते. त्या खोलीत कॉइल लावू नका. शेतातून आल्यावर साबणाने हात धुऊन, खळाखळा पाण्यात खंगाळल्याशिवाय टँकमध्ये घालू नका. फवारणीच्या औषधाची बादली, ड्रम, मग्गा, काहीही टँकसाठी चालत नाही. वेगळी बादली ठेवा, कडेला लाल पट्टा मारा आणि ती गोठ्यात जाऊ देऊ नका.