पर्माफ्रॉस्टचं तापमान मोजताना या चुका टाळा

पर्माफ्रॉस्ट म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेलीच राहणारी जमीन. सगळ्यात आधी घाई. बोअरहोल पाडलं, थर्मिस्टरची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) केबल सोडली आणि लगेच रीडिंग लिहायला घेतलं, असं करू नका. ड्रिलिंगची उष्णता जमिनीत मुरलेली असते, ती जायला काही आठवडे, कधी कधी कित्येक महिने लागतात, म्हणजे पहिले आकडे बघून ‘बापरे, किती तापलीये जमीन’ म्हणाल तर ती तापवली आपणच. सायबेरियातल्या याकुत्स्कला शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने विहीर म्हणून खणलेला खड्डा ११६ मीटरवरही गोठलेलाच निघाला, तिथे १८४० च्या दशकात मिडेनडॉर्फ या संशोधकाने थर्मामीटर नुसतं खड्ड्यात न लटकवता भिंतीत आडवी भोकं पाडून आत बसवलं. उघड्या खड्ड्यातली हवा स्वतःचंच काहीतरी सांगते ना! बोअरहोलमध्ये बसवलेला पाइप रुंद असला की तेच होतं, आतली हवा किंवा द्रव वरखाली फिरत राहतो आणि खोलीनुसार तापमानाचा फरकच पुसला जातो, म्हणून पाइप अरुंद घ्या.

दुसरी चूक मला सगळ्यात मोठी वाटते, ती म्हणजे कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर किती चुकतो ते आधी तपासणं, टाळणं. २००७ ते २०१६ मध्ये जगभरातलं पर्माफ्रॉस्ट सरासरी ०.२९ अंशांनी तापलं. दहा वर्षांचा बदलच एवढा, आणि सेन्सर ०.२ ने चुकत असेल तर हातात उरलं काय? केबल सोडायच्या आधी सगळे सेन्सर बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवून शून्य तपासा, प्रत्येकाची चूक लिहून ठेवा, आणि केबल बाहेर काढता येत असेल तर काही वर्षांनी परत तपासा.

आता रीडिंग कित्येक आठवडे शून्यालाच चिकटलंय, सेन्सर मेला का? बहुतेक नाही. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल, त्यामुळे सगळी उष्णता वितळण्यातच खर्च होते आणि आकडा हलत नाही. म्हणूनच उणे ८ अंश तापमानाची जमीन भराभर तापताना दिसते आणि उणे अर्ध्या अंशाची शांत वाटते, खरी भीती मात्र त्या शांत जमिनीचीच. अजून एक, खारट मातीत उणे आकडा असला तरी पाणी पातळ असू शकतं.

दोन मीटरवरच्या सेन्सरमध्ये दिवस-रात्रीचा चढउतार दिसला तर मात्र गडबड आहे, तो एवढ्या खोल पोचत नाही. पाइपात पाणी शिरलंय का, केबलचा जोड ओला झालाय का बघा. पाइप गोठण-वितळणीने वर ढकललाही जातो, मग ‘२ मीटर’चा सेन्सर प्रत्यक्षात दीडवर असतो आणि आपण म्हणतो जमीन बदलली, तेव्हा दर भेटीत पाइप जमिनीवर किती उभाय ते मोजाच.

लॉगरची (रीडिंग आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राची) पेटी अगदी होलला खेटून ठेवू नका. तिच्या आडोशाला बर्फ साचतो, तो गोधडीसारखा हिवाळ्याची थंडी आत जाऊ देत नाही आणि नेमकी तेवढीच जागा उबदार राहते. येजा करताना शेवाळ तुडवलं तरी तेच, म्हणून फळ्या टाका.

वर्षातून एकदाच जाणार असाल तर तारीख तीच ठेवा, कारण दहा मीटरवर उन्हाळा साधारण सहा महिने उशिरा पोचतो. बॅटरी लिथियमची घ्या, साध्या तिथल्या थंडीत मान टाकतात. आणि वरच्या उघड्या केबलवर धातूचं नळकांडं चढवा, कोल्हे चावतात.