योनाच्या चौथ्या अध्यायातून देवाची दया कशी अभ्यासावी

देवाच्या दयेचा अभ्यास करायचा म्हटलं की बहुतेक जण उधळ्या पुत्राचा दाखला काढतात. मी बायबलच्या जुन्या करारातलं योनाचं पुस्तक घ्यायला सांगेन. तिथे देवाची दया पाहून खुद्द त्याचा संदेष्टा योनाच रागावतो, आणि तो राग आपल्या ओळखीचा असतो.

आधी पुस्तक सलग वाचून काढा. चारच अध्याय आहेत, ४८ वचनं. मग चौथा अध्याय पुन्हा, सावकाश. वाचताना हे ध्यानात असू द्या की ज्या निनवेने पश्चात्ताप केल्यावर देवाने तिचा नाश टाळला, ते अश्शूर या प्राचीन साम्राज्याचं शहर, आणि याच अश्शूरने पुढे इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. म्हणजे दया झाली ती वैऱ्यावर.

आता दुसऱ्या वचनापाशी थांबा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध आहेस, असं योना देवाला म्हणतो. बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकातलं ३४:६ काढा. इस्राएल लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याची पूजा केली, त्या पापानंतर देव त्यांचा पुढारी मोशे याला स्वतःची ओळख जवळपास याच शब्दांत करून देतो. दोन्ही वचनं वहीत एकाखाली एक लिहा. तिथे जी देवाची ओळख, तीच इथे योनाची तक्रार! 'कनवाळू'साठी मूळ हिब्रू शब्द आहे 'रहूम'. गर्भाशयाला हिब्रूत 'रेहेम' म्हणतात, त्याच्याच कुळातला हा शब्द. पोटच्या लेकरासाठी आईचा जीव तुटतो, तसा हा कळवळा.

पुढे योनाला सावली देणारा वेल, त्या वेलाला मारणारा किडा आणि पूर्वेचा झळईचा वारा. तिन्ही देवानेच योजलेली, हे पेन्सिलीने खुणा करून पाहा. मग दहावं आणि अकरावं वचन शेजारी ठेवा. योनाला वेलाबद्दल जे वाटलं आणि देवाला निनवेबद्दल जे वाटतं, त्यासाठी हिब्रूत क्रियापद एकच आहे. एका रात्रीत उगवून एका रात्रीत गेलेला वेल एकीकडे. दुसरीकडे उजवा-डावा हात न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसं 'आणि पुष्कळ गुरेढोरे'. गुरांचा उल्लेख घाईत ओलांडू नका. तिसऱ्या अध्यायात पश्चात्तापाची खूण म्हणून त्यांनाही गोणपाट नेसवलं होतं. देवाच्या नजरेतून तीही सुटलेली नाहीत, हे वाचून मला दर वेळी भरून येतं.

पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं. योनाचं उत्तर लिहिलेलं नाही. ज्याला क्षमा मिळाली तर तुम्हाला सहन होणार नाही, अशा एका माणसाचं नाव वहीत लिहा. निनवेच्या जागी ते नाव घालून अकरावं वचन मोठ्याने वाचा, आणि खाली तुमचं उत्तर लिहा.