बॅडलँड्सला जाताय? या चुका टाळा

शिकागो किंवा मिनिअ‍ॅपोलिसहून माउंट रशमोरला निघालेली आपली मंडळी साउथ डकोटातलं बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान ‘वाटेत’ उरकतात. दोन फोटो काढले की गाडी पुढे. असं करू नका, अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा. आय-९० महामार्गावर पूर्वेकडून येताना १३१ क्रमांकाच्या एक्झिटला उतरून उद्यानातल्या लूप रोडने वॉल गावी बाहेर पडता येतं. इथे माउंटन टाइम चालतो, म्हणजे शिकागोपेक्षा घड्याळ एक तास मागे.

मुलांना ‘डायनोसॉर बघायला चाललोय’ असं सांगून नेऊ नका. इथल्या सुळक्यांत खडकाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. सगळ्यात खालचा काळा थर हा आटलेल्या समुद्राचा गाळ. त्यात अमोनाइट या नामशेष समुद्री जीवाचे शंख आणि मोसासॉर हे समुद्री सरडे सापडतात. त्यावरचे राखाडी-गुलाबी पट्टे साधारण ३.७ ते २.८ कोटी वर्षांपूर्वीचे. डायनोसॉर तेव्हा केव्हाच संपले होते. इथे सापडतात ते तीन बोटांचे छोटे घोडे, मेंढीएवढे ओरिओडॉन्ट हे शाकाहारी प्राणी आणि गेंड्यासारखे दांडगे ब्रॉन्टोथेर. मुलांना हे आधी सांगितलंत तर ती पट्टे मोजत बसतात!

सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांनी जास्त जपावं. आपल्या पायांना बसॉल्टच्या कातळावर भरवसा ठेवायची सवय असते. इथले सुळके म्हणजे माती आणि ज्वालामुखीची राख. कड्याची धार पायाखाली ढासळते आणि पाऊस पडला की चिखल बुटांना गोळ्यांनी चिकटतो. पाऊस पडून गेल्यावर उतारांवर चढूच नका. मात्र याच ठिसूळपणामुळे दरवर्षी सुमारे इंचभर माती वाहून जाते आणि नवी हाडं उघडी पडतात.

असं हाड दिसलं तर उचलू नका, हलवूही नका. ते कायद्याने गुन्हा आहेच, पण कुठल्या थरात सापडलं हे कळलं नाही तर त्याचं वय सांगणं फार अवघड होतं. फोटो घ्या, आसपासची खूण टिपा आणि रेंजरना कळवा. २०१० मध्ये सात वर्षांच्या एका मुलीने नेमकं हेच केलं. व्हिजिटर सेंटरजवळ तिला दिसलेलं हाड म्हणजे मांजरासारख्या दिसणाऱ्या सुळेदार प्राण्याची कवटी निघाली.

पाणी भरपूर घ्या. पायवाटांवर ते मिळत नाही. बायसन या रानबैलांपासून शंभर यार्ड लांब राहा. आणि उन्हाळ्यात गेलात तर व्हिजिटर सेंटरमधली जीवाश्मांची प्रयोगशाळा चुकवू नका. तिथे दगडातून हाड कणाकणाने मोकळं करणाऱ्या माणसांना प्रश्न विचारता येतात.