लायसन हातात आलं, आता या चुका टाळा: कोल्हापुरात नव्यानं गाडी चालवणाऱ्यांसाठी

भाचीनं लर्निंग लायसनच्या परीक्षेत पंधरापैकी पंधरा मिळवले. खरं तर नऊ आले तरी पास करतात. घरात पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला पुढंमागं पांढऱ्यावर लाल 'एल' चिकटवून आम्ही राजारामपुरीतून बाहेर पडलो. पहिल्याच लाल सिग्नलला गाडी थेट झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन उभी. म्हटलं, "अगं, रेषेच्या अलीकडं थांबायचं असतं ना?" तर म्हणते, "मी थांबलो असतो की मामा, पण पुढचा थांबला न्हाई."

नव्या ड्रायव्हरच्या निम्म्या चुका या एका वाक्यात आल्या. बोर्ड पाठ असतात, पण रस्त्यावर आल्यावर माणूस बोर्ड बघतच नाही, पुढच्या गाडीची शेपटी बघतो. मीही त्यातलाच. लायसन नवं होतं तेव्हा एका रिक्षामागं जुन्या गावातल्या बोळात शिरलो. रिक्षा कुठल्या तरी फटीतून पसार झाली आणि मी हवालदारासमोर. 'नो एंट्री' होती. मी सांगून बघितलं, "साहेब, रिक्षा गेली की आत." त्यांनी पावती फाडता फाडता विचारलं, "रिक्षा तुला घिऊन आल्ती, का तू तिच्या मागनं आलास?" याला काय उत्तर देणार!

चित्राआधी आकार न बघणं

परीक्षेला आपण चित्रं पाठ करतो. रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगात चित्र वाचायला वेळ नसतो, आकार मात्र लांबूनच कळतो. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई. निळा गोल म्हणजे असंच करा. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढं काही तरी आहे, सावध. निळा चौकोन किंवा आयत म्हणजे नुसती माहिती: दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग. लाल कडेच्या गोलात ५० असेल तर पन्नासच्या वर जायचं नाही, आणि निळ्या गोलात वेगाचा आकडा असेल तर त्याच्या खाली यायचं नाही. एकच आकडा, पण अर्थ उलटा.

दोन बोर्डांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत. 'थांबा'चा अष्टकोन आणि 'रस्ता द्या'चा उलटा त्रिकोण. चिखलानं माखले, कुणी त्यावर वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलं (आपल्याकडं हे काही अशक्य नाही), तरी नुसत्या कडेवरून ओळखू यावेत म्हणून.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो निळ्या पोटाच्या आणि लाल कडेच्या गोलात. एक तिरकी रेघ असली तर गाडी लावायची नाही, माणूस उतरवण्यापुरतं थांबलं तर चालतं. दोन रेघांची फुली असली तर थांबायचंही नाही. "फक्त आईला देवळापाशी सोडतोय" हे कारण फुलीखाली चालत नाही. सम-विषम तारखेचं पार्किंग असेल तिथं पी-१, पी-२ च्या पाट्या असतात. गाडी लावताना आज तारीख काय, एवढं बघा. संध्याकाळी गाडी जागेवर नसली की चोरी झाली समजून आरडाओरडा करणारे मी बघितलेत.

तिकटीला 'मी आधी'

कोल्हापुरात चौकांइतक्याच तिकट्या, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या जागा. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी, आणि गल्लीबोळातल्या बिननावाच्या तर मोजायच्याच नाहीत. सिग्नल नाही, पोलीस नाही, मग कुणी आधी जायचं? बहुतेकांचं उत्तर: ज्याचा हॉर्न मोठा तो. नियम साधा आहे. लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला येताना मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. आणि पुतळ्याभोवतीच्या गोलाला, जिथं सिग्नल नाही किंवा बंद पडलाय, जो आधीच गोलात फिरतोय त्याचा हक्क पहिला. नवा ड्रायव्हर इथं बरोबर उलटं करतो. बाहेरून मुसंडी मारतो आणि गोलात शिरल्यावर येणाऱ्यांना वाट द्यायला मधेच थांबतो. मग अख्खा चौक तुंबतो.

रात्री सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असतो. त्याचा अर्थ सिग्नल बंद असा नाही, वेग कमी करून बघून जा असा आहे. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबायचं, दोन्हीकडं बघायचं, मग निघायचं. आणि लाल सिग्नलला डावीकडं वळायची मुभा तसा बोर्ड किंवा हिरवा बाण असेल तिथंच असते. मागचा हॉर्न मारतोय हा बोर्ड नव्हे.

सरळ जायला चारी इंडिकेटर

हे कुणी शिकवलं कोण जाणे, पण निम्मं गाव करतं. चौकातून सरळ जायचं म्हणून चारी दिवे लुकलुकत ठेवायचे. डाव्या बाजूच्या माणसाला तुमचा फक्त डावा दिवा दिसतो, त्याला वाटतं तुम्ही वळताय, आणि तो अंगावर येतो. सरळ जायला काहीच लावायचं नसतं. चारी दिवे गाडी बंद पडली किंवा अडचणीच्या जागी उभी करावी लागली तरच. पावसात, धुक्यात चालत्या गाडीलाही नको.

इंडिकेटर आणि वळणं एकाच क्षणी करणारे दुसरे. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग जरा वाट, मग वळण. दुचाकीवाल्यांनो, वळून झाल्यावर तो बंदही करा. बिंदू चौकात लावलेला इंडिकेटर रंकाळ्यापर्यंत टिकटिकत नेऊ नका.

हंगामात उसाची ट्रॉली ओलांडणं

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण परीक्षेच्या पुस्तकात हा प्रश्न नसतो आणि आपल्या जिल्ह्यात गाळप सुरू झालं की रोजचा असतो. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागं रिफ्लेक्टर असलाच तर पाचटाखाली झाकलेला. वर टेप एवढ्या मोठ्यानं चालू की तुमचा हॉर्न ड्रायव्हरपर्यंत पोचतच नाही.

आता हिशोब करा. ट्रॅक्टर ताशी २० नं चाललाय, तुम्ही ५० नं. फरक ३० चा, म्हणजे सेकंदाला साधारण ८ मीटर. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांची लांबी, मागचं-पुढचं सुरक्षित अंतर मिळून ४५ मीटर धरले तर पाच-साडेपाच सेकंद तुम्ही समोरच्याच्या बाजूला असणार. तेवढ्यात तुम्ही ७५ मीटर पुढं जाता आणि समोरून ६० नं येणारी गाडी ९० मीटर जवळ येते. म्हणजे निदान पावणेदोनशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. वळण, चढाचा माथा, पूल इथं तो दिसतच नाही. अखंड रेष असेल तर ओलांडायचं नाही, तुटक असेल तरच बघून.

आणि पुन्हा तेच, पुढची मोटरसायकल सुटली म्हणून तुम्ही सुटू नका. ती फटीतून जाते, तुमची गाडी त्या फटीत मावत नाही. ट्रॅक्टरवाल्यानं हात हलवला तर तो "या" म्हणतोय, "थांबा" म्हणतोय की माशी हाकलतोय, याचीही खात्री नसते. अंधारात उसाच्या रस्त्याला वेगच कमी ठेवा. डिप्परवर जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवर दुचाकीचं चाक गोट्यांवर गेल्यासारखं घसरतं.

पन्हाळ्यावरून न्यूट्रलमध्ये उतरणं

पेट्रोल वाचतं म्हणे. उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड. आंबा घाट, गगनबावड्याचे घाट, सगळीकडं हेच. धुक्यात अप्पर लावला की उजेड आपल्याच डोळ्यांवर परत येतो, डिप्परच ठेवा.

पाण्यात गाडी घालणं

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत. तरी रस्त्यावर बॅरिकेड लावलेलं असताना "ट्रॅक्टर गेला की आत्ता" म्हणून कार घालणारे दरवर्षी असतात. ट्रॅक्टरचं चाक तुमच्या बॉनेटएवढं असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, तिथं आतल्या रस्त्यांचं काय सांगायचं. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असलं तर आतले दांडे वाकतात आणि शेकड्यांतलं काम हजारांत जातं. माणसं बाहेर काढा, गाडी ढकला.

बाकीच्या चुका थोडक्यात. सीपीआर दवाखान्यासमोर हॉर्न वाजवू नका. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. ॲम्ब्युलन्स मागं आली की डावीकडं सरका, वाट अडवल्यास कायद्यात १० हजारांपर्यंत दंड आहे. उजवीकडचं दार डाव्या हातानं उघडा, मान आपोआप मागं वळते आणि येणारा सायकलवाला दिसतो. सणासुदीला अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते बदलतात, ते मोबाईलच्या नकाशाला कळलेलं नसतं. तिथं नकाशा आणि हवालदार यांच्यात हवालदाराचं ऐका. आणि लायसन नसलेल्या अल्पवयीन पोराच्या हातात गाडी देऊ नका. त्यात पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चौकात गाडी बंद पडली तर

प्रत्येकाची पडते. भाचीची दाभोळकर कॉर्नरला पडली, हिरवा लागल्या लागल्या. मागं हॉर्नांचा ताशा सुरू झाला, तिचे हात थरथरायला लागले आणि गाडी तिसऱ्यातच ठेवून ती चावी फिरवत राहिली. म्हटलं, ब्रेक दाब. क्लच दाब. न्यूट्रल कर. चारी इंडिकेटर आता लाव, आता त्यांची वेळ आहे. मग चावी, मग पहिला गिअर, मग क्लच सावकाश. मागच्या टेम्पोवाल्यानं डोकं बाहेर काढून काही तरी म्हटलं. तिनं आरशात बघितलं, म्हणाली, "थांब की भावा, जातोय," आणि गाडी उचलली. पुढच्या सिग्नलला पिवळा लागला. पुढचा सुसाट निघून गेला. ही रेषेच्या अलीकडं थांबली.