सुपरव्हिजनला जाण्याआधी

उद्या सुपरव्हिजन (समुपदेशकाने आपल्या केसबद्दल अनुभवी वरिष्ठांशी बोलायची बैठक) आहे म्हटलं की हात आपोआप सगळ्यात सरळ चाललेल्या केसकडे जातो. ती राहू द्या. गेल्या महिन्यात कोणाची अपॉइंटमेंट रद्द झाल्यावर हायसं वाटलं ते आठवा. न्यायची केस बहुधा तीच असते.

मग एक कागद घ्या. नाव, गाव, नोकरी गाळा. तालुक्याच्या ठिकाणी 'मुख्याध्यापकांची सून' एवढ्यावरही माणूस ओळखू येतो. सेशन रेकॉर्ड केलं असेल तर त्याला क्लायंटची लेखी संमती आहे ना, ते बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने गोपनीयता हा हक्कच दिलाय. केसचा इतिहास पाच ओळींत आटपा आणि जिथे अडलात ती पाच मिनिटं मात्र शब्दशः उतरवा: क्लायंट काय बोलली, तुम्ही काय बोललात, कोण किती वेळ गप्प होतं. 'भावनिक आधार दिला' असं लिहून काहीच कळत नाही. 'नवऱ्याचा विषय निघताच मी मुलाच्या शाळेचं विचारलं', हे लिहा. माझ्या नोंदींत तीन सेशनमध्ये तीनदा असंच झालं होतं. माझ्या सुपरव्हायझर मॅडमनी काही न बोलता त्या तीन ओळींखाली पेन्सिलने रेघा ओढल्या. पुढचा तासभर आम्ही त्या बाईबद्दल कमी आणि माझ्या भीतीबद्दल जास्त बोललो.

प्रश्न एकच न्या, पण नेमका. 'आता काय करू?' याला उत्तर नसतं. 'ती चौथ्यांदा सासरी परत गेली, मला तिचाच राग येतोय, हा राग घेऊन शुक्रवारी तिच्यासमोर कशी बसू?' याच्यावर काम होतं.

जोखमीची गोष्ट तारखेपर्यंत राखून ठेवू नका. आत्महत्येचं बोलणं निघालं तर त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते सुपरव्हिजनसाठी थांबत नाही.

काही संस्थांत सुपरव्हायझर आणि अप्रेझल लिहिणारे साहेब एकच असतात. तसं असेल तर नोंदीत काय जाणार हे सुरुवातीलाच विचारून घ्या, संकोच नको. मागच्या वेळी ठरलेलं केलं का, तेही एकदा वाचून जा. ऑनलाइन असेल तर हेडफोन आणि बंद दार. फील्डवरून परतताना जीपमधून नको. आणि त्यानंतरचा अर्धा तास डायरीत मोकळा ठेवा, लगेच पुढचा क्लायंट बोलावू नका.